पिक्सेल आर्ट आयकॉन: चाळीस काढून झाले पण एका घरातले वाटत नाहीयेत, मदत हवीये

नेरुळकर_२२ | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा प्लीज. मी नेरुळला राहतो, ऑफिस ऐरोलीला, रोजचं जाणं-येणं ट्रान्सहार्बर लोकलने. सोसायटीतल्या पोरांसाठी एक छोटा मोबाइल गेम बनवतोय, फुकटच ठेवणारे. ठाण्याहून गाडी सुटते, मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर करत नेरुळ, आणि प्रत्येक स्टेशनला त्या भागातल्या दोन-चार वस्तू गोळा करायच्या. वडापाव, छत्री, पास, मासळीची पाटी, तलावपाळीची होडी, फ्लेमिंगो, असे सगळे मिळून ४० आयकॉन, सगळे पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे चौकोनी ठिपके एकेक भरून काढलेली छोटी चित्रं. गेले आठ महिने रात्री जेवण झालं की एकेक काढत होतो, आणि काढताना प्रत्येक आयकॉन मला खरंच आवडला होता.

परवा पहिल्यांदा सगळे एका स्क्रीनवर लावले. आठ वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसतायत. कुठला एक वाईट आहे असं नाही, पण शेजारी ठेवले की जमतच नाहीये. चौकशीचा मुद्दा एवढाच की हे एकसारखं करायचं म्हणजे नेमकं काय एकसारखं करायचं? रंग? साइज? आउटलाइन? कुठून सुरुवात करू?

घोडबंदरचा_पिक्सेल | शनिवार, रात्री ११:५८

आधी एक काम कर. चाळीसच्या चाळीस एका पानावर, एकाच करड्या रंगावर, मूळ साइजमध्ये लाव, झूम न करता. आणि प्रत्येकाखाली तीन गोष्टी लिही: कॅन्व्हास किती बाय किती ठिपक्यांचा, रंग किती, उजेड कुठून येतोय. दुरुस्तीला हात लावू नकोस अजून.

नेरुळकर_२२ | रविवार, सकाळी १०:१५

केलं दादा, सकाळी चहा घेऊन बसलो ते आत्ता संपलं. शीट वर जोडलीय. हिशोब असा:

१६ चे बारा, २४ चे एकोणीस, ३२ चे नऊ. सुरुवातीला १६ वर काढत होतो, मग होडी काही केल्या बसेना म्हणून ३२ केलं, मग ते फार वाटलं म्हणून २४. रंग सगळे मिळून १२७ निघाले. छत्री चार रंगांत आहे आणि एकट्या वडापावाला ६१! तो एकदा व्हॉट्सॲपवर भावाला पाठवला होता आणि लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर तोच परत डाउनलोड करून पुढे काम केलं, तेव्हा झालं असणार. उजेड बहुतेकांत डावीकडून वरून, छत्रीत उजवीकडून, आणि सात-आठ आयकॉनमध्ये कडेने सगळीकडे गडद आणि मधोमध फिकं असं केलंय.

घोडबंदरचा_पिक्सेल | रविवार, सकाळी १०:५०

बघ, तुझं उत्तर तूच लिहिलंस. आता मी क्रमाने सांगतो, कारण यात क्रम चुकला की काम दोनदा करावं लागतं.

सगळ्यात आधी साइज. तू १६ चा आयकॉन तिप्पट करून ४८ ला दाखवतोयस आणि २४ चा दुप्पट करून ४८ ला. दोन्ही स्क्रीनवर एवढेच मोठे, पण एकातला ठिपका ३ बाय ३ चा आणि दुसऱ्यातला २ बाय २ चा. डोळ्याला हे लगेच कळतं, नाव सांगता येत नाही पण खटकतं. ३२ वाल्यांचं तर त्याहून वाईट, ४८ ला न्यायचं म्हणजे दीडपट, मग काही ठिपके दोनचे होतात आणि काही एकचेच राहतात, तुझ्या होडीची वल्ही मध्येच जाड मध्येच बारीक दिसतायत ती त्यामुळे. तेव्हा एकच कॅन्व्हास ठरव आणि बाकीचे नव्याने काढ. लहान-मोठे करून चालणार नाही, नव्याने काढायचे. मी २४ म्हणेन, १९ तयार आहेत आणि फ्लेमिंगोची मान १६ मध्ये जीव घेईल.

उजेड डावीकडून वरून, सगळ्यांना. आणि ते कडेने गडद, मधे फिकं बंद कर. त्याने प्रत्येक वस्तू उशीसारखी फुगलेली दिसते, मासळीची पाटी पण उशी आणि रेल्वेचा पास पण उशी. पास हा कागद आहे, सपाट दिसला पाहिजे.

रंगांचं रात्री लिहितो, आता घरच्यांना घेऊन बाजारात जायचंय.

नौपाडा_टाके | रविवार, दुपारी १:३०

मला पिक्सेल आर्टमधलं काही कळत नाही पण तीस वर्षं क्रॉस स्टिच शिकवतेय आणि ही चर्चा वाचून वाटलं की अरे हे तर आमचंच चाललंय. नेरुळकर, तुला अहोजाहो करत नाही, मुलाच्या वयाचा असशील.

आमच्याकडे नमुना ग्राफ पेपरवर काढतात, एक चौकोन म्हणजे एक टाका. आणि कागदाच्या कडेला रंगांची यादी असते, प्रत्येक रंगाला एक खूण आणि धाग्याचा नंबर. नवीन मुली काय करतात, मधेच एक गुलाबी संपला की पेटीतला दुसरा जवळचा गुलाबी लावतात, म्हणतात काकू काय कळतंय. एका उशीच्या अभ्र्यावर नाही कळत. पण सहा अभ्र्यांचा सेट गादीवर मांडला की तो एक अभ्रा दारातून दिसतो. म्हणून माझा नियम असा की सेट सुरू करायच्या आधी सगळे धागे मोजून बाजूला काढायचे आणि पेटी बंद करून कपाटात ठेवायची.

दुसरं सांगते. आमची आजी अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालायची तिच्याकडे एक जाड कागद होता, उदबत्तीने भोकं पाडलेला. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, ठिपके बरोबर अंतरावर पडतात. मग त्याच ठिपक्यांवर सोमवारी कमळ, मंगळवारी कासव. नक्षी रोज वेगळी पण अंगण रोज तेच वाटायचं, कारण कागद तोच. तुझ्या कॉम्प्युटरवर असा भोकांचा कागद करता येतो का?

ऐरोली_कोडर | रविवार, दुपारी ३:०५

काकू तुम्ही जे सांगितलंत ते अगदी बरोबर आहे आणि योगायोग नाहीये. १९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन सुझन केअर यांनी काढले, सुरुवात ग्राफ पेपरच्या वहीतच केली होती, ३२ बाय ३२ म्हणजे १०२४ चौकोन आणि फक्त काळा-पांढरा. त्यांनी स्वतःच या कामाची तुलना मोझेक आणि भरतकामाशी केलेली आहे.

भोकांचा कागद करता येतो, त्याला आम्ही टेम्पलेट म्हणतो. @नेरुळकर, एक रिकामी २४ बाय २४ ची फाइल कर, त्यात सगळ्यात खालच्या लेयरवर चार आकार फिकट रंगात काढून लॉक कर: गोल वस्तूंसाठी २० चा गोल, चौकोनी वस्तूंसाठी १८ चा चौकोन, उभ्या वस्तूंसाठी १६ बाय २२, आडव्यांसाठी २२ बाय १६. चौकोन मुद्दाम लहान ठेवायचा कारण त्याचे कोपरे भरलेले असतात, गोलाएवढाच घेतला तर तो जड दिसतो. नवीन आयकॉन म्हणजे याच फाइलची कॉपी, रिकाम्या कॅन्व्हासवर सुरू करायचंच नाही. तुझ्या शीटमध्ये पास पूर्ण २४ भरून बसलाय आणि शेजारी छत्री मधे कुठेतरी १४ ची, एका स्टॉलवर पोस्टर आणि पोस्टाचं तिकीट लावल्यासारखं झालंय.

कळव्याची_मनू | रविवार, दुपारी ४:२०

माझा प्रश्न: माझं पण असंच होतं. छत्रीची दांडी मधोमध येतच नाही, एक पिक्सेल डावीकडे तरी जाते किंवा उजवीकडे. २४ वरच काढतेय. पिस्केल या पिक्सेल आर्टच्या ॲपमध्ये काढते, त्याचा प्रॉब्लेम आहे का?

घोडबंदरचा_पिक्सेल | रविवार, रात्री ९:३०

मनू, पिस्केलचा काही दोष नाही. २४ सम आकडा आहे, बरोबर मधला असा चौकोनच नाही, मध्य दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर पडतो. म्हणून एक ठिपक्याची दांडी मधोमध बसूच शकत नाही, दोनचीच बसेल. नाहीतर वस्तू २३ मध्ये काढायची आणि एक ओळ एका बाजूला रिकामी सोडायची. काहीही कर पण सगळ्या सेटला तेच कर. नेरुळकर, तू पण हे लिहून ठेव: मधोमध असलेली काठी, खांब, दोरी नेहमी दोन ठिपक्यांची. होडीचा खांब, छत्रीची दांडी, स्टेशनच्या बोर्डाचा खांब तिन्ही एकाच जाडीचे झाले की बघ किती फरक पडतो.

आता रंग. १६ रंग, त्याच्यावर नाही. काकू म्हणाल्या तसं पेटी बंद. १९८९ चा गेम बॉय, तो हातातला व्हिडिओ गेम, फक्त चार शेडवर चालायचा, आणि पिको-८ या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही १६ ठरलेले रंग आहेत, कमी पडतील असं वाटतं पण पडत नाहीत. पण १६ वेगवेगळे सुटे रंग घेऊ नकोस, पायऱ्या घे. एक पायरी पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत, वडा, पाव, लाकूड, पाटी, होडी सगळं त्यावर. एक निळ्याची, पाणी, आकाश, डबा. एक गुलाबी-लाल, एक हिरवी. आणि सावली करताना त्याच रंगात काळा मिसळू नकोस, त्याने मळकट दिसतं. पिवळ्याची सावली नारिंगीकडे सरकव, नारिंगीची लालसर तपकिरीकडे, पाण्याची जांभळ्याकडे. पायऱ्यांची टोकं एकमेकांत मिसळू दे, म्हणजे तपकिरीची सगळ्यात गडद शेड आणि गुलाबीची सगळ्यात गडद शेड एकच ठेवता येते. असे रंग वाचतात, शिवाय सेट आपोआप एकत्र बांधला जातो, कारण वडापावाच्या सावलीतला रंग फ्लेमिंगोच्या पंखाखाली पण असतो.

वाशी_सेक्टर१७ | रविवार, रात्री १०:१०

वारली स्टाइल का करत नाही? आपल्याच जिल्ह्याकडची कला, गेरूवर पांढरं, दोनच रंग, प्रश्नच मिटला.

घोडबंदरचा_पिक्सेल | रविवार, रात्री १०:२५

कल्पना मला आवडते पण तो वेगळा सेट होईल. वारलीत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, ते २४ मध्ये येतं, पण त्याचा जीव समूहात आहे, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर असा. एकेक सुटी वस्तू उचलली की नुसता पांढरा आकार उरतो. पोरांना वडापाव कुठला आणि बटाटा कुठला हे रंगावरून कळायला हवंय.

ऐरोली_कोडर | रविवार, रात्री १०:४०

आउटलाइनबद्दल कोणीच बोललं नाही अजून. शीटमध्ये अर्ध्या आयकॉनना कुळकुळीत काळी आहे, काहींना रंगीत, आणि पाच जणांना नाहीच.

घोडबंदरचा_पिक्सेल | रविवार, रात्री ११:००

मी रंगीत म्हणेन. उजेडाच्या बाजूला फिकी, सावलीच्या बाजूला गडद, वस्तूच्याच रंगातली. काळी आउटलाइन २४ मध्ये फार जागा खाते, चारी बाजूंनी एकेक ठिपका गेला की आत २२ च उरतात.

ऐरोली_कोडर | रविवार, रात्री ११:२०

इथे मी सहमत नाही. ती पद्धत मोठ्या कॅरेक्टरला छान दिसते, मागचं चित्र आपल्या हातात असतं तेव्हा. हे आयकॉन आहेत, कधी पांढऱ्या पॉपअपवर येणार, कधी खाडीच्या गडद निळ्यावर, कधी डार्क मोडमध्ये. फिकी आउटलाइन पांढऱ्यावर विरघळून जाईल आणि वस्तूचा आकारच बदलल्यासारखा दिसेल. शिवाय ४० आयकॉनना प्रत्येक वेळी कुठली बाजू फिकी हे ठरवत बसणार, तिथेच परत गडबड होणार. माझं म्हणणं, एकच गडद रंग, काळा नको, जांभळट निळा घे, तो पॅलेटमधला, म्हणजे ठरवलेल्या १६ रंगांतला, सगळ्यात गडद असेल आणि तोच सगळीकडे एक ठिपक्याचा. आतल्या रेघा मात्र वस्तूच्या रंगात, बाहेरची रेघ आत आणायची नाही.

घोडबंदरचा_पिक्सेल | रविवार, रात्री ११:३५

डार्क मोडचा विचार मी केला नव्हता. ठीक आहे, तुझं बरोबर आहे ताई, या कामाला एकच गडद आउटलाइन. आतल्या रेघांचं तर शंभर टक्के.

नेरुळकर_२२ | सोमवार, सकाळी ८:५५

गाडीत बसून वाचतोय सगळं, घणसोली गेलं. किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. एक अडलंय: ठाणे स्टेशनसाठी वाफेचं इंजिन काढलंय, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यालाच आली म्हणून. ते बाजूने दिसतं. पण आजची लोकल मी समोरून काढलीय, आणि होडी तिरकी, वरून थोडी. हे पण एकसारखं करायचं का?

घोडबंदरचा_पिक्सेल | सोमवार, सकाळी ९:३०

हो, आणि हे सगळ्यात जास्त खटकतं. नियम कर: वस्तू एकतर सरळ समोरून किंवा सरळ बाजूने, ज्या बाजूने ती पटकन ओळखू येते ती. तिरकं आणि वरून बंद. इंजिन समोरून काढलं तर नुसता गोल दिसेल, बाजूने धुरांडं आणि चाकं दिसतात, म्हणून बाजूने. लोकल बाजूने काढली तर २४ मध्ये नुसता डबा, समोरून काचा आणि दिवे येतात, म्हणून समोरून. दोन्ही सपाट आहेत त्यामुळे शेजारी चालतात. होडी मात्र बाजूने परत काढ.

नेरुळकर_२२ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:००

मंडळी, ३४ झाले. सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी एका पानावर नियम लिहून काढले, प्रिंट काढून टेबलासमोर भिंतीला चिकटवले. २४ चा कॅन्व्हास, चार आकारांचं टेम्पलेट, १६ रंग, उजेड डावीकडून वरून, जांभळट निळी आउटलाइन एक ठिपक्याची, मधली काठी दोनची, समोरून नाहीतर बाजूने, प्रत्येक पायरीवरचे जास्तीत जास्त तीन शेड एका आयकॉनला, आणि एक आड एक ठिपके देऊन शेडिंग करायचं नाही. हे शेवटचं मी स्वतः घातलं. मासळीच्या पाटीवर तसं केलं होतं आणि मोबाइलवर ती पाटी खरूज आल्यासारखी दिसत होती.

मग सगळ्यात अवघड तीन आधी घेतले, फ्लेमिंगो, वडापाव आणि इंजिन. या तिघांत नियम टिकले तर बाकीच्यांत टिकतील असा विचार केला. टिकले नाहीत सगळे. पॅलेटमधला एक हिरवा काढून तिथे दुसरा गुलाबी घ्यावा लागला, पण तीनच आयकॉन झालेले असल्यामुळे बदल पाच मिनिटांत झाला.

वडापावाचं सांगतो. पहिल्या वेळी पावाची कमान वर, मधे वडा, खाली पाव असा काढला तर बायको म्हणाली बर्गर छान झालाय. दोन दिवस बघत बसलो. मग ऑफिसबाहेरच्या गाडीवर हातात घेऊन नीट पाहिला. वडापावाचा पाव पूर्ण कापलेला नसतो, एका बाजूने जोडलेला असतो, आणि वडा त्या तोंडातून बाहेर डोकावतो, पावापेक्षा जरा पुढेच. मग पाव डावीकडे चार ठिपके जोडलेला ठेवला, वडा उजवीकडे दोन ठिपके बाहेर काढला, त्याच्यावर लाल चटणीचे दोन ठिपके आणि खाली तळलेली मिरची, हिरव्याच्या दोन शेडमध्ये. एकूण आठ रंग लागले. ६१ चे आठ! दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीने लांबून बघून वडापाव म्हटलं.

फ्लेमिंगोसाठी सीवूड्सला तळ्यावर जाऊन उभा राहिलो सकाळी. मान काढताना तिचा वाक तुटत होता, मग घोडबंदरच्या दादांनी मागे एका चर्चेत सांगितलेलं आठवलं की वळणावर ठिपक्यांच्या ओळी ३, २, १, १, २, ३ अशा कमी होत होत जाऊन परत वाढल्या पाहिजेत, माझ्या ३, १, २, १, ३ अशा पडत होत्या. ते सुधारलं आणि मान एकदम वळली. पाय एक ठिपक्याचे, त्यांना दोन्ही बाजूंनी आउटलाइन दिली तर खांब वाटत होते म्हणून पायांना आउटलाइन नाही, तेच आउटलाइनच्या रंगात काढले. हा एक अपवाद पानावर लिहून ठेवला: एक ठिपक्याची बारीक वस्तू असेल तर ती आउटलाइनच्याच रंगात. मग दोरी, छत्रीच्या काड्या, लोकलच्या वायपरला तोच नियम लागला.

एक परीक्षा रोज करतो. सगळे आयकॉन एकाच रंगाने भरून नुसत्या आकारावरून ओळखू येतात का बघायचं. त्यात फ्लेमिंगो आणि बगळा एक झाले. फ्लेमिंगोची चोच मध्यावर खाली मोडते, ती मी सरळ काढली होती. दोन ठिपके खाली वळवले, झालं.

ऐरोली_कोडर | रविवार, दुपारी १२:१५

नवीन शीट बघितली, अंगावर काटा आला. एकच घर वाटतंय.

फोनवर टाकताना काळजी घे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर स्क्रीनचं पिक्सेल गुणोत्तर (ॲपच्या एका पिक्सेलला स्क्रीनचे किती खरे पिक्सेल) २.६२५ असतं, म्हणजे तुझा २४ चा आयकॉन ६३ खऱ्या पिक्सेलवर पसरतो आणि काही ठिपके दोनचे, काही तीनचे होतात, एवढी मेहनत वाया. गेम उघडताना फोनचं गुणोत्तर विचार आणि आयकॉन पूर्ण पटीतच दाखव, ४८, ७२ किंवा ९६ खरे पिक्सेल. ब्राउझरमध्ये असेल तर सीएसएसमध्ये इमेज-रेंडरिंगला पिक्सेलेटेड लाव, नाहीतर कडा धूसर होतील. आणि फाइल नेहमी पीएनजी, कोणाला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, तो दाबून लहान करतो आणि त्यात नवे रंग घुसतात, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

कळव्याची_मनू | रविवार, दुपारी १:००

ते नियमांचं पान टाकाल का इथे? मला कळव्याच्या खाडीवर असंच काहीतरी करायचंय, खारफुटी, खेकडे, पारसिकचा बोगदा. तुमचेच १६ रंग वापरले तर चालेल?

नेरुळकर_२२ | रविवार, दुपारी १:२०

पान आणि टेम्पलेट दोन्ही जोडलं. रंग बिनधास्त वापर. खारफुटीला हिरवे कमी पडतील बहुतेक, मी एक काढून टाकलाय, तू गुलाबीतला एक काढून तिथे हिरवा घे. पण पहिल्या तीन आयकॉनमध्येच ठरव.

नौपाडा_टाके | रविवार, संध्याकाळी ६:४५

बाळा, फ्लेमिंगो फार गोड झालाय. माझ्या वर्गातल्या बायकांना दाखवला, त्यांना तो भरायचाय. १४ काउंटच्या आयडावर, म्हणजे इंचाला १४ टाके बसतात त्या कापडावर, २४ टाके म्हणजे साधारण साडेचार सेंटीमीटर, रुमालाच्या कोपऱ्याला बरोबर बसेल. मला त्याचा चौकटीचा कागद करून देशील का, रंगांच्या खुणांसकट? आणि एक विचारायचं होतं, पायांच्या खाली पाणी म्हणून जे चार निळे चौकोन आहेत ते भरायचे की सोडायचे?

नेरुळकर_२२ | रविवार, संध्याकाळी ७:१०

काकू, आज रात्रीच करून टाकतो. पाणी भरा, तेवढ्याने तो उभा राहतो. बाकी सगळं रिकामं सोडा.